सहा हँगर आणि एक विमान

"हँगर नंबर तीन! बायपासच्या अंगाला, मोठा दरवाजा, वर नवा कोरा पत्रा! सरकारी बोली पंचाहत्तर हजार. बोला, कोण वाढवतंय?"

बोरजाई नगरपरिषदेच्या सभागृहात हेडक्लार्क मुजावर टेबलावर पेपरवेट आपटत होते. हँगर अजून बांधायचेच होते, त्यामुळे नवा कोरा पत्रा त्यांनी स्वतःच्या पदरचा घातला होता. समोर साठ-सत्तर माणसं बसली होती. खताचे दुकानदार, मंडपवाले, पिठाच्या गिरणीचे मालक, एक तालीम चालवणारा. यांच्यापैकी एकाकडेही विमान नव्हतं. गावात विमान एकच होतं आणि ज्यांचं होतं त्या रणभिसे बाई शेवटच्या रांगेत नंबराचा पुठ्ठा हातात धरून ताठ बसल्या होत्या.

"ऐंशी," बाई म्हणाल्या.

"लाख," मंडपवाला कोष्टी म्हणाला.

"एक लाख पाच."

"दोन लाख!" कोष्टीनं एकदम उडी मारली आणि मागं वळून हात जोडले. "बाई, राग मानू नका. लग्नसराईचं सामान ठेवायला जागा न्हाई मला."

"कोष्टी, हा हँगर आहे. तुमच्याकडे विमान आहे का?"

"आज न्हाई. पर आदी गोठा, मग म्हस. बघू की."

बाईंनी व्यासपीठाकडं पाहिलं. तिथं नगराध्यक्ष तात्या शेडगे पान लावत बसले होते. तात्यांनी मान हलवली. "इमान तुमचं हाय बाई, ह्यात वाद न्हाई. पर बोली ती बोली."

बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. त्या दिवशी पाच हँगर गेले. एकही विमानवाल्याला गेला नाही.

मी तेव्हा तिथं कनिष्ठ अभियंता होतो. दिगंबर खराडे. वय एक्केचाळीस, नोकरी कायम, दोन मुली, स्वभाव भित्रा. व्यासपीठाच्या कडेला बसून बोलीची नोंद मीच करत होतो आणि बाईंकडं बघायचं टाळत होतो, कारण या सगळ्या घोटाळ्याच्या अटी माझ्या हातच्या होत्या.

बोरजाईला विमानतळ कसा, असं बाहेरचे लोक हटकून विचारतात. आमच्या संस्थानच्या राजेसाहेबांना भारी हौस. त्यांनी माळावर धावपट्टी करून घेतली, दोनदा विमानातून उतरले, तिसऱ्यांदा विमान इतकं हललं की त्यानंतर ते मरेपर्यंत मोटारीनंच फिरले. संस्थान विलीन झालं आणि धावपट्टी नगरपरिषदेच्या गळ्यात पडली. आम्ही तिच्यावर सोमवारी शेळ्यांचा बाजार भरवायचो. उन्हाळ्यात अख्ख्या गावाच्या मिरच्या तिथं वाळायच्या. अंदाजपत्रकात ‘विमानतळाचे उत्पन्न’ असं एक सदर होतं आणि ते सगळं शेळ्या-मिरच्यांचं होतं.

एस्तेर रणभिसे मूळच्या मिरजेच्या. एका फ्लाइंग क्लबात वीस वर्षं त्यांनी पोरांना विमान शिकवलं. क्लब बुडाला तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी त्यांना एक जुनं, दोन माणसांचं विमान मिळालं. ते घेऊन त्या बोरजाईला आल्या, कारण आमच्या धावपट्टीच्या कडेला राजेसाहेबांचा हत्तीखाना रिकामा होता आणि हत्तीच्या दारातून विमान आरामात आत जायचं. उरुसाला, जयंतीला, आमदारांच्या वाढदिवसाला आकाशातून फुलं टाकायची, एवढ्यावर बाईंचं चालायचं. गाव त्यांना पायलटबाई म्हणायचं. विमानाचे पंख कापडाचे होते. लाकडाच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, त्यावर रंगाचे हात. बाई ते रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसायच्या.

मग सरकारची चिठ्ठी आली. लहान धावपट्ट्यांवर हँगर बांधायचे, निम्मा खर्च सरकारचा, निम्मा नगरपरिषदेचा.

"आपल्या निम्म्याचं काय?" तात्यांनी विचारलं होतं.

"आपलं निम्मं म्हंजे शून्य, तात्या," मुजावर म्हणाले.

"मग भाजी मंडई कशी बांदली?"

"आदी गाळ्यांचा लिलाव केला, अनामत घेतली, त्यात मंडई बांदली."

"मटण मार्केट?"

"तसंच."

"मग ह्ये पन तसंच. त्यात इचारायचं काय?"

बोरजाईत आजवर जे जे उभं राहिलं ते असंच उभं राहिलं, आधी गिऱ्हाईक आणि मग इमारत. दुसरी रीत कुणाला ठाऊकच नव्हती. लिलावाच्या अटी दुपारपर्यंत हव्या होत्या. मी मंडईच्या अटींचा कागद काढला, ‘गाळा’ खोडून ‘हँगर’ लिहिलं, ‘मंडई’ खोडून ‘विमानतळ’ लिहिलं आणि जेवायला गेलो. त्यामुळं आमच्या विमानतळावर मासळी विकायला बंदी झाली आणि हँगरधारकानं वजनमापं दर वर्षी तपासून घेणं सक्तीचं झालं. अट सतरा अशी होती की हँगरच्या बाहेर माल मांडल्यास ते अतिक्रमण समजून माल जप्त करण्यात येईल. मंडईत ती योग्यच होती. मी ती वाचलीही नाही.

सहावा हँगर महिला बचत गटासाठी राखीव होता, कारण मंडईतला सहावा गाळा तसा होता. त्याला बोलीच आली नाही. लिलाव संपल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"खराडे, मी महिला आहे."

"हो बाई. पण बचत गट नाही."

"गटाला किती जणी लागतात?"

"दहा."

"विमानात दोनच बसतात."

बाईंनी तोही प्रयत्न केला. गल्लीतल्या नऊ जणींना तयार केलं. पण गटाचा व्यवसाय म्हणून विमान लिहून घ्यायला बँकेचा साहेब तयार होईना. त्यानं पापड सुचवले.

दिवाळीनंतर हत्तीखाना पाडला, कारण हँगरांची जागा तीच होती. गावातल्या एकुलत्या एक विमानाला बाहेर काढून, विमानांना छप्पर मिळावं म्हणून आम्ही त्याचंच छप्पर पाडलं. पाडकामावर देखरेख माझी होती. बाई ताडपत्री घेऊन उभ्या होत्या.

"ताडपत्रीनं ऊन अडेल," त्या म्हणाल्या. "वळवाचं पाणी आणि गारा नाही अडणार. कापड भिजून सैल पडलं की संपलं, खराडे. नवं घालायची माझी ऐपत नाही. मे उजाडेपर्यंत याच्यावर छप्पर आलं पाहिजे, नाहीतर मी परत मिरजेला जाऊन भावाच्या दारात बसायचं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला दुसरं विमान कुणी देत नाही."

"काहीतरी करू बाई," मी म्हणालो. सरकारी नोकर हे वाक्य दिवसातून दहादा म्हणतो. मी ते त्या दिवशी मनापासून म्हणालो होतो, पण ऐकणाऱ्याला फरक कसा कळावा?

एप्रिलअखेर हँगर उभे राहिले. लगेच कोष्टीनं आपल्यात गाद्या भरल्या, खतवाल्यानं खत भरलं, तालीमवाल्यानं डबल बार रोवला. आणि मग पत्र आलं की पुढचा हप्ता देण्याआधी मुंबईहून तपासणी अधिकारी येणार, हँगरांत विमानं आहेत का ते बघणार.

तात्यांनी पाचही जणांना बोलावलं. "आट दिवसांत ज्याच्या त्याच्या हँगरात इमान दिसलं पायजे. न्हाई दिसलं तर अनामत बुडाली म्हनून समजा."

"कुठनं आनायचं तात्या?" खतवाला रडकुंडीला आला.

"कोष्टी, गणपतीला तू महाल करतोस का न्हाई? रथ करतोस का न्हाई? मग?"

कोष्टीचं तोंड उजळलं. कलावंत माणूस तो. आठ दिवसांत त्यानं कळकाच्या कामट्या आणि मांडवाचं कापड यांची पाच विमानं उभी केली. एकाला तर सॅटिनची झालर होती. पुढं छताचे पंखे बसवले आणि शेपटीवर नंबर हवेत म्हणून आपल्या टेम्पोचा, मोटारसायकलीचा, मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचा असे जे पाठ होते ते नंबर रंगवून टाकले.

तपासणी अधिकारी डोक्यावर ओला टॉवेल टाकून आले. मे महिन्याचं ऊन होतं. त्यांनी गाडीतूनच पाच हँगर बघितले. कोष्टीनं बटण दाबलं तसे पंखे फिरले.

"उत्तम," साहेब म्हणाले. "पाचही सुस्थितीत आहेत. आणि ते बाहेर काय झाकून ठेवलंय?"

बाई पुढं आल्या. त्यांनी ताडपत्री बाजूला केली. "साहेब, हे विमान आहे."

साहेबांनी त्या जुन्या विमानाकडं पाहिलं, मग सॅटिनच्या झालरीकडं पाहिलं. मुजावरांकडं वळून म्हणाले, "हे हँगरच्या बाहेर का आहे?"

मुजावर खरं सांगायचं तर वाईट माणूस नव्हता. पण तीस वर्षं मंडईची वसुली केलेल्या माणसाच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "अतिक्रमण हाय साहेब."

"अट काय आहे?"

"अट सतरा. जप्ती."

"मग सात दिवसांत काढा. धावपट्टीची शोभा जाते." साहेबांनी काच वर केली.

अतिक्रमण खातंही माझ्याकडंच होतं. रात्रभर तळमळलो. पण सकाळी जप्तीचे नियम वाचायला काढले आणि पहिल्यांदाच आयुष्यात कुठला नियम वाचून मला हसू आलं. मी सायकल मारत बाईंच्या खोलीवर गेलो.

"बाई, जप्त केलेला माल नगरपरिषदेनं छपराखाली, पावसापाण्यापासून सुरक्षित ठेवायचा असतो. तसा नियम आहे."

"मग?"

"सहावा हँगर नगरपरिषदेच्याच ताब्यात आहे."

बाई अशा हसल्या की शेजारीण डोकावली. "म्हणजे विमान माझं राहिलं नाही तर त्याला छप्पर मिळेल!"

"पाचशे रुपये दंड भरला की तुमचंच. पावसाळा गेला की भरा आणि न्या."

"तुम्ही लबाड आहात, खराडे," त्या म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की परत येताना सायकलवर मी शीळ घातली.

जप्ती झकास झाली. पंच म्हणून एक शेळीवाला आणि मिरच्या राखणारी गंगव्वा आणली. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात मालाचा प्रकार होता हातगाडी, टोपली, तराजू. ‘इतर’ अशी जागाच नव्हती.

"चाकं हायत न्हवं?" मुजावर म्हणाले. "मग हातगाडीवर खूण करा." पंचनामा क्रमांक एक्केचाळीस, हातगाडी एक, रंग पांढरा.

आठ माणसांनी ढकलत विमान हँगर सहात नेलं. दार लागलं. मग मुजावर मला म्हणाले, "साहेब, चाक काढून घ्यायचं असतंय. मालक रातीत पळवतो न्हाईतर."

ही आमच्या खात्याची जुनी रीत. हातगाडी जप्त केली की तिचं एक चाक काढून ऑफिसात ठेवायचं. विमानाचं चाक काढलं तर ते कलंडेल, म्हणून पुढचा पंखा काढायचं ठरलं. बाईंनी स्वतः बोल्ट सोडवून दिले. तो लांबलचक लाकडी पंखा माझ्या टेबलामागं भिंतीला टेकवून ठेवला आणि हँगरची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये गेली. त्याच आठवड्यात गारा पडल्या. पत्र्यावर असा ताशा वाजला की मी ऑफिसात एकटाच खूष होऊन बसलो.

जूनमध्ये सरकारचं पत्र आलं. कळवलेल्या नोंदणी क्रमांकांपैकी एक ट्रॅक्टर आढळून आला आहे, तरी खुलासा करावा आणि किमान एका खऱ्या विमानाचा नोंदणी क्रमांक कळवावा, अन्यथा शेवटचा हप्ता मिळणार नाही. खरा नंबर गावात एकाच विमानाला होता.

"बाईंचा नंबर धाडा," तात्या म्हणाले. "आनि हप्ता येस्तवर ते इमान हललं न्हाई पायजे. काउंटरवर सांगून ठेवा, इमानाचा दंड घ्यायचा न्हाई."

"पण तात्या, नियमानं..."

"गावाचा पैसा अडकलाय इंजिनेर. नियम काय पळून चाललाय?"

बाई दोनदा पाचशे रुपये घेऊन आल्या आणि दोनदा परत गेल्या. मी मान खाली घालून बसलो. एवढंच केलं की कोंडवाड्याचा एक नियम शोधून काढला. कोंडलेल्या जनावराला मालक रोज येऊन वैरण घालू शकतो. त्याप्रमाणं बाई रोज सकाळी तासभर हँगरात जायच्या, पंख पुसायच्या, तेलपाणी करायच्या. वहीत मी वैरणीच्या रकान्यात ‘तेल, अर्धा लिटर’ लिहायचो. अख्खा पावसाळा असा गेला. कापडावर एक थेंब पडला नाही. बाई मात्र दर महिन्याला थोड्या वाकलेल्या दिसायच्या. एकदा हँगराच्या दारातून मी पाहिलं तर त्या विमानात बसल्या होत्या, पुढं पंखा नव्हता, दार बंद होतं आणि त्या दोन्ही हातांनी दांडा धरून समोरच्या पत्र्याकडं बघत होत्या. मला लाज वाटली. माझ्या लबाडीनं मी विमान वाचवलं होतं आणि बाईंना जमिनीवर खिळवून ठेवलं होतं.

भाद्रपदातला सोमवार होता. पाऊस चार दिवस उघडला होता. साडेअकराच्या सुमाराला बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी खुर्ची दाखवली, त्या बसल्या नाहीत.

"खराडे, मला माझं विमान हवंय. आज."

"बाई, तात्यांचा हुकूम तुम्हाला माहीत आहे."

"तात्यांचं माहीत आहे. मी तुम्हाला विचारतेय. कर्नाटकात एक क्लब निघालाय. त्यांना शिकवायला माणूस हवाय, विमानासकट. हँगर आहे, पगार आहे. उद्यापर्यंत पोचले तर जागा माझी. परवापासून पुन्हा पाऊस सांगितलाय."

"परत आणाल?"

"नाही."

खोटं बोलायला काही हरकत नव्हती. वीस मिनिटं फिरवून आणते म्हणाल्या असत्या तर मला पुढं सांगायला सोय झाली असती. त्या तशाच उभ्या राहिल्या. मला मुलींची फी आठवली, निलंबनाची नोटीस कशी दिसते ते आठवलं, माझ्या आधीच्या अभियंत्याची पेन्शन नऊ वर्षं अडली होती ते आठवलं. मग मी ड्रॉवर उघडला, किल्ली काढली आणि उठून भिंतीला टेकवलेला पंखा खांद्यावर घेतला.

"तेवढं दार उघडा बाई," मी म्हणालो. "हा लांब आहे."

ऑफिसातून पंखा घेऊन जाताना मला कुणी विचारलं नाही. सरकारी कचेरीत खांद्यावर काहीतरी घेऊन घाईत चाललेल्या माणसाला कुणी अडवत नाही. बाईंनी बोल्ट आवळले, मी पाना धरला. दोघांनी मिळून विमान बाहेर काढलं. आणि समोर बघतो तर धावपट्टीवर शेळ्यांचा बाजार.

"किती वेळ लागेल सरकायला?" बाईंनी विचारलं.

"सूर्य मावळेपर्यंत."

मी गंगव्वाच्या पोराची एम-एटी फटफटी मागून घेतली. बाईंनी इंजिन चालू केलं. ते चार महिन्यांनी खोकलं, धुरळलं आणि लागलं. मी गाडीवर उभा राहून, हॉर्न दाबत, "व्हा बाजूला! नगरपरिषद!" असं ओरडत धावपट्टीच्या मधून निघालो. अतिक्रमणवाला आला म्हटल्यावर बोरजाईचा बाजार कसा पळतो ते मला माहीत होतं. शेळ्या, बोकड, व्यापारी, दोन्ही बाजूंनी माळावर सांडले. माझ्या मागून तो आवाज वाढत आला, डोक्यावरून गेला, माझी टोपी उडाली. वर पाहिलं तर पांढरे पंख उन्हात वळत होते. मी माळावर एकटा उभा राहून रडलो. का ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या खोलीत सगळे जमले.

"इमान गेलं म्हंजे गेलं कुठं?"

"वर," मुजावर म्हणाले.

"किल्ली कुनाकडं हुती?"

रात्रीच मी कबुलीजबाब लिहून काढला होता, दोन पानी, सहीसकट. तो तात्यांपुढं ठेवला. "माझ्याकडं. मीच दिली. पंखाही मीच दिला. नियम मोडला, हे मला मान्य आहे." खरं सांगतो, इतका ताठ मी लग्नातही उभा राहिलो नव्हतो.

तात्यांनी दोन्ही पानं वाचली. मग मुजावर खाकरले आणि त्यांनी पावतीपुस्तक पुढं सरकवलं.

"तात्या, काउंटरवर काल दंड भरलाय. पंचनामा एक्केचाळीस, हातगाडी एक, रुपये पाचशे. माल मालकास देणे."

"कुनी घेतला दंड?"

"नव्या पोरीनं घेतला. तिला इमानाचा घेऊ नको म्हनून सांगितलं हुतं. हातगाडीचं कुठं सांगितलं हुतं?"

तात्यांनी पावती उलटसुलट बघितली. "मंग माल सुटलाय की! चोरी कसली?" माझ्याकडं बघून वैतागले. "तुमी काय येडे का खुळे, इंजिनेर? नियमानं झालंय त्याचा जबाब लिवून देताय? उद्या ऑडिटला दिसलं तर मलाच इचारतील." आणि त्यांनी माझी दोन पानं फाडून टोपलीत टाकली. पुढं हप्ता आला. नंबर खरा होता, बघायला कुणी आलंच नाही.

सगळे गेले तरी मी तिथंच उभा होतो. जन्मात एकदा धीर केला आणि तोही कायदेशीर निघाला, याचं मला हसू येत होतं आणि आत कुठंतरी टोचतही होतं. मग मी पावतीपुस्तक जवळ ओढलं. बाजारच्या दिवशी सकाळची आणि दुपारची वसुली वेगळी धरतात, म्हणून आमच्याकडं पावतीवर वेळ टाकायची पद्धत आहे. नव्या पोरीनं ठळक अक्षरात टाकली होती. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं.

म्हणजे बाई माझ्या टेबलासमोर आल्या तेव्हा पावती तासभर त्यांच्याजवळ होती. ती पुढं टाकली असती तर कुठल्याही हातगाडीवाल्याला देतो तशी मी मान वर न करता किल्ली दिली असती. त्यांनी ती काढलीच नाही. त्यांनी मला विचारलं, आणि माझं उत्तर येईपर्यंत उभ्या राहिल्या.